वर्ज्य

मराठीत 'स्त्रीबीज' हा शब्द आता इतका रुळला आहे की त्यातली उलथापालथ आपल्या लक्षातही येत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज आणि क्षेत्र यांची चर्चा आहे. तिथे बीज पुरुषाचे आणि स्त्री म्हणजे क्षेत्र. पेरणारा तो, जमीन ती. बीज स्त्रीजवळही असते हे शरीरविज्ञानाने दाखवून दिले आणि आपल्या भाषेने ते निमूटपणे सामासिक शब्दात बसवून टाकले. 'दान' हा शब्द मात्र होता तसाच राहिला. दान म्हटले की पुण्य आले, देण्याआधीचे सोवळे आले, आणि दिल्यानंतर देणाऱ्याकडे पुन्हा वळून न पाहणेही आले.

'स्त्रीबीजदान' या समासात या दोन पदांचे काय होते, याचा विचार करायला मला एका चार पानी पत्रकाने भाग पाडले. माझी एक जुनी विद्यार्थिनी वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या एका केंद्रात समुपदेशक आहे. स्त्रीबीज देणाऱ्या महिलांसाठीच्या सूचनांचे ते पत्रक. "मॅडम, शुद्धलेखन तेवढं बघून द्या," एवढीच तिची अपेक्षा होती. शुद्धलेखन ठीकच होते. सहावी सूचना मात्र अशी होती : 'या कालावधीत लैंगिक संबंध पूर्णतः वर्ज्य आहेत.' वर्ज्य का, कधीपासून, कधीपर्यंत, न पाळल्यास कोणाला काय होईल, याविषयी अवाक्षर नाही. चातुर्मासात कांदा वर्ज्य असावा, तसे ते वाक्य होते.

कारणे समजून घेतली तेव्हा लक्षात आले की इथे सोवळ्याचा काडीमात्र संबंध नाही. एरवी एका पाळीच्या चक्रात बहुधा एकच स्त्रीबीज परिपक्व होते. दात्या स्त्रीला साधारण दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने दिली जातात आणि एकाच वेळी अनेक बीजे वाढू लागतात. शेवटच्या इंजेक्शननंतर सुमारे 34 ते 36 तासांनी, भूल देऊन, योनिमार्गातून सुई घालून ती काढून घेतात. यातले एखादे सुईतून निसटून आत राहू शकते, किंवा ठरल्या वेळेआधीच सुटू शकते. त्या दिवसांत संबंध आला तर जी स्त्री दुसरीच्या मातृत्वासाठी आली आहे तिलाच गर्भ राहण्याचा, कदाचित जुळ्या-तिळ्यांचाही, संभव असतो. आधी चक्र जुळवण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या असतील, तर त्या इंजेक्शने सुरू होण्याच्या सुमारास थांबलेल्या असतात. 'गोळ्या चालू आहेत' हा भरवसा तेव्हा खोटा असतो. इंजेक्शनांमुळे अंडाशये अतिरेकी सुजून पोटात पाणी साठण्याचा एक विकार होऊ शकतो. त्यात गर्भ राहिला तर तो बळावतो आणि लांबतो.

माझ्या विद्यार्थिनीने एक प्रश्न सांगितला. बाया तो खोलीत विचारत नाहीत, निघताना दाराशी विचारतात : "माझं ऑपरेशन झालंय, मग काय हरकत आहे?" प्रश्न अगदी रास्त आहे. बीजे थेट अंडाशयातून घेतली जात असल्याने नसबंदी झालेली स्त्रीही ती देऊ शकते, आणि तिला गर्भाचे भय जवळजवळ नसते. पण फुगून जड झालेल्या अंडाशयाला पीळ पडू शकतो. तसे झाले तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. बीजे काढल्यानंतर योनीच्या भिंतीवर सुईच्या ताज्या जखमा असतात, तिथे जंतुसंसर्गाची भीती. म्हणून साधारणपणे इंजेक्शने सुरू झाल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत थांबायला सांगतात. 'वर्ज्य' या एका शब्दाने यातले काहीच तिच्यापर्यंत पोचत नाही. कारण न कळलेली स्त्री स्वतःच्या अकलेने कारण शोधते, ते आपल्याला लागू नाही असे ठरवते, आणि धोक्यात सापडते.

या धोक्याला इतिहासही आहे. 1984 साली कॅलिफोर्नियात दुसरीच्या बीजापासून एक मूल जन्मले. तेव्हाची रीत वेगळी होती. दात्या स्त्रीच्याच गर्भाशयात कृत्रिम रेतनाने गर्भ धरू द्यायचा आणि काही दिवसांनी तो धुऊन बाहेर काढायचा. तो बाहेर आलाच नाही तर गर्भारपण तिच्या पदरी. ही रीत पुढे मागे पडली. दात्रीचे शरीर हे केवळ 'क्षेत्र' मानले की काय होते, याचा तो धडाच म्हणायचा.

आपल्याकडे 2021 चा कायदा जानेवारी 2022 पासून अमलात आला. दात्रीचे वय 23 ते 35, आयुष्यात एकदाच दान, सातांहून अधिक बीजे काढायची नाहीत, तिच्या नावे बारा महिन्यांचा विमा, आणि लेखी, समजून दिलेली संमती. तरतुदी चांगल्या आहेत. पण सात हा आकडा इंजेक्शनांना ठाऊक नसतो, आणि न समजलेल्या वाक्याखाली केलेली सही ही संमती नसते, ती नुसती सही असते.

र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. शरीराविषयी स्वच्छ मराठीत बोलता येते, हे त्यांनी खटले सोसून सिद्ध केले. शंभर वर्षांनंतर आपण पुन्हा संस्कृत शब्दाच्या पदराआड जातो, याला काय म्हणावे?

सहाव्या सूचनेच्या जागी मी सात वाक्ये लिहून दिली. तारखेसाठी दोन रिकाम्या जागा सोडल्या, थांबायचे कधीपासून आणि कधीपर्यंत ते भरायला. शेवटी पोटात जोराने दुखले, पोट फुगले, ताप आला किंवा पाळी चुकली तर लगेच या, असे लिहिले. एक वाक्य मात्र नवऱ्याला उद्देशून आहे. सूचना तिच्या हाती द्यायची आणि नकाराचा भार रात्री तिने एकटीने वाहायचा, हे मला पटेना. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, पण नवरे खोलीत येतच नाहीत, बाहेर बाकावर बसतात."

मग पत्रक बाकावरही ठेवा, असे मी तिला सांगितले आहे.