पानावर ये

लहानपणी जेवणाच्या वेळी मी हटकून पुस्तकात असायचो. आजी स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारायची आणि तिसऱ्यांदा दारात येऊन म्हणायची, "बाबू, हातातलं पान ठेव आनि पानावर ये." एक पान कागदाचं, दुसरं पळसाचं. दोन्हींना एकच शब्द आहे याचं तिला नवल नव्हतं, मलाही नव्हतं. वरणभात गार होतोय एवढाच त्या वाक्याचा अर्थ. नवल वाटायला पुढं तीस वर्षं जावी लागली.

आमची पवनी वैनगंगेच्या काठची. जुना तट, खंदक, नदीवरचे घाट आणि पावलापावलावर देऊळ. आजूबाजूचा मुलूख झाडीपट्टीचा. ज्या मुलखाचं नावच झाडांवरून पडलं, तिथं पानांची वाण कशी असेल? फाल्गुनात पळस पेटायचा आणि फुलं झडली की नवी पालवी यायची. पानं मोठी झाली की आजी अंगणात बांबूच्या काड्या घेऊन पत्रावळी लावत बसायची. एका देठावर तीन पानं, त्यातलं मधलं सर्वांत ऐसपैस. "कुठंही जा, पळसाला पानं तीनच," ही म्हण आमच्याकडं म्हण म्हणून कमी आणि हिशेब म्हणून जास्त वापरात होती. पान लावताना गुळगुळीत बाजू वर, शिरांची खाली. माझं चुकलं की ती टाका उसवायची. "उलटं नोको लावू. पानाले पोट असते, पाठ असते."

पुढं कळलं की 'पान' हा शब्द 'पर्ण'वरून आला, आणि वेदकाळी पर्ण हे पळसाचंही नाव होतं. 'पलाश' या शब्दाचा अर्थही पानच. म्हणजे पान म्हटलं की फार जुन्या काळीही माणसाच्या डोळ्यांपुढं हेच झाड उभं राहत असणार. आणि छापील पुस्तकात आपण ज्याला 'पृष्ठ' म्हणतो, त्या शब्दाचा मूळ अर्थ पाठ. जुन्या हस्तलिखितांत पानाचा आकडा पुष्कळदा मागच्या बाजूला, पाठीवरच घातलेला असे. आजीला व्याकरण येत नव्हतं, पण पानाला पाठ असते हे तिला बोटांनी माहीत होतं.

पानाचा दुसरा गोतावळा 'पत्र' या शब्दाचा. पत्र म्हणजे आधी पंख, पीस. उडणं-पडणं सांगणाऱ्या धातूपासून आलेला शब्द. मग ते झाडाचं पान झालं, आणि पानावर लिहू लागल्यावर टपालानं येणारं पत्र, वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, दानपत्र. आमच्या मागच्या पडवीवर पावसात ताशासारखा वाजणारा पत्रा याच घरातला. तलवारीचं पातं, गवताचं पातं, कांद्याची पात यांचंही नातं तिथंच. 'पातळ' हा शब्दसुद्धा कोशकार 'पत्रल'पर्यंत मागं नेतात. आमच्या कोष्ट्यांच्या मागावरून उतरणारं लुगडं ते पातळ आणि वरणात पाणी जास्त झालं तर तेही पातळ. एवढ्या सगळ्यांना एका घरात राहता आलं, कारण पसरणं आणि पातळ होणं हा सगळ्यांचा स्वभाव.

पण पातळ कशासाठी व्हायचं? झाडाचं उत्तर सोपं आहे. ऊन झेलायला अंग पसरावं लागतं, आणि आतल्या पेशीपेशीपर्यंत उजेड आणि हवा पोचायची तर जाडी परवडत नाही. धातूचं उत्तर मला शाळेच्या सहलीत भंडाऱ्याला मिळालं. भांड्यांच्या, पितळेच्या कामासाठी ते गाव नावाजलेलं. एका अंधाऱ्या दुकानात कारागीर पितळेच्या पत्र्यावर हातोडी चालवत होता. प्रत्येक घावासरशी पत्रा इवलासा पसरत होता, खोल होत होता. ठोकळ्यात काही वाढता येत नाही, परातीत येतं. पातळ झाल्याशिवाय पोटात काही घेता येत नाही आणि दुसऱ्यापुढं ठेवताही येत नाही.

पवनीच्या मातीत धातूचं पान फार आधीच पेरलेलं होतं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट पवनीला मिळाला. पाचव्या शतकातला हा राजा, चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी प्रभावतीगुप्ता हिचा मुलगा. वाकाटकांचे ताम्रपट पाहिले की मला राजापेक्षा आधी ताडाचं झाड आठवतं. लांबट पत्रे, त्यांना एका बाजूला भोक, भोकातून ओवलेली कडी आणि कडीला मुद्रा. ही सगळी ताडपत्राची ठेवण. ताडाच्या पानांना भोक पाडून दोरी ओवत; ती गाठ मारणं म्हणजेच 'ग्रंथ'. तांब्याला वाळवीची भीती नाही, वाऱ्यानं उडून जायची नाही, तरी घडवणाऱ्या हाताची पानाची सवय सुटली नाही. वर अक्षरं पेटीच्या डोक्याची, प्रत्येकाच्या माथ्यावर इवलीशी चौकट. आरंभी बहुतेकदा 'दृष्टम्', म्हणजे 'पाहिले'. दीड हजार वर्षांपूर्वीही कचेरीत कागद पाहिल्याचा शेरा लागत होता, हे वाचून पवनीच्या कुठल्याही कारकुनाला बरं वाटेल.

त्यातली एक गोष्ट मात्र माझ्या मनात घर करून राहिली. या ताम्रपटांत पहिल्या पत्र्याची आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू सहसा कोरी ठेवतात. आतला मजकूर घासू नये म्हणून बाहेरच्या पानांनी कोरं राहायचं. पुस्तकाच्या पुठ्ठ्याआड असणारी कोरी पानं तीच राखण करतात.

याच प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य आहे. एकाच माणसाच्या नावाची दोन तऱ्हेची पानं. तांब्याचं पान मातीत पडून राहिलं म्हणून वाचलं. काव्याचं पान तसं वाचलं नाही. एक प्रत जीर्ण व्हायची, तिच्यावरून कुणीतरी दुसरी उतरवायचं, ती कुणाच्या तरी हाती द्यायचं. मूळचं पान केव्हाच कुजलं असेल. पानावरचं चालत आलं. तांबं टिकतं ते न हलता, पान टिकतं ते दिल्यानं.

पवनीची जगन्नाथ टेकडी तेच सांगते. 1969-70 साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली इथं उत्खनन झालं आणि टेकडीच्या पोटातून स्तूप निघाला. तिथल्या एका शिल्पात पाच फण्यांचा मुचलिंद नाग आहे, आणि त्याचं नाव ब्राह्मीत खाली कोरलेलं. बुद्धकथेत मुचलिंद हे झाडाचंही नाव. अवकाळी पावसात त्या झाडाखाली बसलेल्या बुद्धावर नागानं फणा धरला. पसरलेला फणा हेही एक पानच की! दुसऱ्यासाठी अंग पातळ केलेलं.

पानाचं एवढं कौतुक करताना तेंदूपत्ता विसरून चालणार नाही. इथल्या कितीतरी घरांना पान म्हणजे मजुरी. उन्हाळ्यात पहाटे जंगलात जायचं, वाघ-अस्वलाचं भय पोटात ठेवून पानं तोडायची, दुपारी ओसरीत सगळ्या घरानं बसून 70 पानांचं एकेक पुडकं बांधायचं. फाटकं, भोकाचं पान मोजणीत चालत नाही. चांगला भाव मिळाला तर पोरांच्या वह्या येतात, नाहीतर तोंडाला पानं पुसली जातात. त्या वह्यांची पानंही या पानांतूनच फुटलेली.

तेंदूसारखी आपट्याची पानंसुद्धा विडी वळायला वापरतात. वर्षभर ज्याचा धूर व्हायचा, त्या पानाचं दसऱ्याला सोनं होतं. रघूनं कौत्सासाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा मिळवल्याची कथा 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात आहे. तिथं सोनं खजिन्यात पडतं. ते आपट्यावर पाडलं लोकांनी. खजिन्यातल्या सोन्यापर्यंत कुणाचा हात पोचणार? झाडावरचं कुणालाही तोडून देता येतं. हे पान मधून चिरलेलं, देठाशी जोडलेलं, जुळ्या भावांसारखं. या प्रजातीला मिळालेलं जाँ आणि गास्पार बोहँ या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांचं नाव म्हणूनच शोभतं. दोघं आयुष्यभर वनस्पतींवर ग्रंथ लिहीत बसले होते. मला मात्र ते पान नेहमी उघडून ठेवलेल्या पुस्तकासारखं दिसतं. मधे शीर, दोहीकडं दोन पानं.

खऱ्या सोन्याचा वर्ख करायचा तर त्यालाही पुस्तकातूनच जावं लागतं. सोन्याचे बारीक तुकडे एकावर एक रचलेल्या पातळ पापुद्र्यांच्या वहीत घालून ती वही तासन् तास ठोकतात. एक ग्रॅम सोनं असं जवळजवळ अर्धा चौरस मीटर पसरू शकतं. इतकं पातळ झालेलं सोनं उजेडासमोर धरलं तर ते पिवळं दिसत नाही. पिवळा-तांबडा प्रकाश ते माघारी धाडतं आणि आरपार येतो तो हिरवट. आपण हिरव्या पानाला सोनं म्हणतो ते श्रद्धेनं; सोनं मात्र पुरेसं पातळ झालं की आपणहून हिरवं होतं.

आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मंग?" तिचा पानाशी संबंध वेगळा. ती माणसंच पानांनी मोजायची. सकाळी आईला विचारायची, "आज किती पानं?" घरात सातजण असलो तर ती आठ पानं मांडायची. आठवं कुणाचं, हे मी एकदा विचारलं. "येनाऱ्याचं." कुणी आलं नाही तर ते पान उचलून उद्यासाठी ठेवायची.

पिकलं पान एक दिवस गळलं. घरात स्टीलची ताटं आली. हिशेब मात्र अजून पानांचाच चालतो. परवा दसऱ्याला अंधार पडताना शेजारचा मुलगा आला, हातावर आपट्याचं पान ठेवून पाया पडला. मी पुस्तकातलं पान मिटलं. आतून आई विचारत होती, "किती पानं?" आम्ही चौघं होतो. मी म्हणालो, "पाच."

मुलगा घुटमळत होता. त्याला म्हटलं, "बाबू, पानावर ये."