अज्जीचा रविवार
आमच्या घरी मराठीच बोलली जाते. लेकीचे कन्नड टिकून आहे ते रविवारच्या व्हिडिओ कॉलवर. सासूबाई धारवाडहून तिला गोष्ट सांगतात. पण गेल्या वर्षी नेमक्या त्या वेळी वायफाय बंद पडू लागले. कंपनीने राउटरचे अपडेट केव्हाच थांबवले होते.

नवा राउटर घेण्याऐवजी मी ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर घालायचे ठरवले. २००४ पासून ते चालू आहे. त्याची रोज तयार होणारी आवृत्ती म्हणजे ‘स्नॅपशॉट’, नीट तपासून दिलेली ती ‘स्टेबल’. मला नव्याची हौस, स्नॅपशॉट घातली. बघतो तर सेटिंगचे पानच उघडेना! ते त्यात आधीपासून नसतेच.

‘‘नेट इल्ला, ऊटानू इल्ला!’’ बायकोने सुनावले.

दुसऱ्या दिवशी राउटर उलटा करून मॉडेल आणि व्हर्जन वाचले. १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम आहे याची खात्री केली आणि त्याच मॉडेलची स्टेबल आवृत्ती घातली.

आता रविवारी तासभर कॉल तुटत नाही. आतून आवाज येतो, ‘‘अज्जी, इन्नोंदु कथी हेळ!’’ नवी आवृत्ती आली तरी महिनाभर थांबायला मी शिकलो आहे.