ठोका, पण नेमक्या जागी!

पुण्यात वीकेंडला जायचं कुठे, याची उत्तरं ठरलेली असतात. सिंहगड, नाही तर कोरेगाव पार्कातला एखादा नवा कॅफे. यंदा मी दोन अख्खे शनिवार घालवले ते नाना पेठेत! नाना फडणवीसांचं नाव मिरवणारी ही पेठ म्हणजे गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सची पंढरी. क्वार्टर गेटकडून आत शिरलात की शटरबाहेर टांगलेली सीट कव्हर्स, सायलेन्सर, आरसे, आणि बोळाबोळांत ग्रीसचा वास.

निमित्त होतं एका लाल ट्रायम्फ स्पिटफायरचं. ही टू-सीटर ओपन स्पोर्ट्स कार इंग्लंडमध्ये 1962 ते 1980 या काळात बनली. डिझाइन इटलीच्या जोव्हानी मिकेलॉत्ती यांचं. माझ्या मित्राच्या आजोबांची ही गाडी एरंडवण्यातल्या बंगल्यात बारा वर्षं उभी होती. बंगला आता रिडेव्हलपमेंटला गेलेला, महिनाअखेर रिकामा करून द्यायचा. आणि गाडीची पुढची चाकं डावीकडे वळून पार जाम! स्टिअरिंग हलेना, गाडी गेटातून निघेना. दोन चकाचक वर्कशॉप्सनी हात वर केले. भंगारवाला मात्र गॅस कटर घेऊन यायला एका पायावर तयार.

मग कोणीतरी नाना पेठेतल्या उस्तादांचं नाव सुचवलं. वय अडुसष्ट, दुकान जेमतेम एका रिक्षाएवढं. बंगल्यावर येऊन त्यांनी बॉनेट उघडलं. स्पिटफायरचा अख्खा पुढचा भाग मडगार्डसकट पुढे उलटतो, त्यामुळे थेट टायरवर बसून काम करता येतं. आत डोकावून उस्ताद हसले. ‘अरे, ये तो हेरल्ड है!’

खरंच आहे ते. स्पिटफायरचं स्टिअरिंग आणि पुढचं सस्पेन्शन ट्रायम्फ हेरल्डवरून घेतलेलं. आणि हेरल्ड 1961 पासून आपल्याकडे मद्रासला, स्टँडर्डच्या कारखान्यात बनायची. उस्ताद पोरवयात शिकले ते याच गाड्यांवर. गाडी इंग्लंडची असली तरी तिची नाडी पुण्यात सापडली, ती अशी.

आता थोडा टेक्निकल फंडा. स्टिअरिंगचा रॉड चाकाच्या आर्मला जिथे जोडतो, तो टाय रॉड एंड. त्याची पिन निमुळती असते आणि तशाच निमुळत्या भोकात पाचरीसारखी घट्ट बसते. म्हणून नट काढला तरी ती सुटत नाही. आपण काय करू? खालून दणादण हातोडा! त्यात आटे चेपतात, कामाचा विचका होतो. उस्तादांनी नट पूर्ण न काढता फक्त दोन-तीन फेरे सैल केला. आर्मच्या भोकाभोवतीच्या कडेला एका बाजूने जड हातोडा ऐरणीसारखा टेकवला आणि समोरून दुसऱ्याचा एकच कडक ठोका. भोक क्षणभर किंचित चेपतं आणि पिनची पकड सुटते. तिसऱ्या ठोक्याला ‘टक्’ झालं.

‘बेटा, ताकद नाही, आवाज ऐकायचा,’ उस्ताद म्हणाले. एंड रॉडवरून काढताना त्यांनी फेरे मोजून खडूने भिंतीवर लिहिले. परत बसवताना तेवढेच फेरे दिले की चाकांची अलाइनमेंट जवळपास जागेवर येते.

तरी चाक वळेना. खरा व्हिलन होता खालचा ट्रनियन. हा पितळी तुकडा, आणि चाक धरणाऱ्या पोलादी खांबाचं आटे पाडलेलं टोक त्यात फिरतं. म्हणजे प्रत्येक वळणाला एक स्क्रू फिरत असतो. त्याला ग्रीस नव्हे, गिअर ऑइल लागतं. ग्रीस सुकून बसतं, पाणी शिरतं, गंज धरतो. जाम ट्रनियनवर जोर लावला तर खांब आट्यांपाशी तुटू शकतो. हेच चालत्या गाडीत झालं तर चाकच कोलमडतं!

दुसऱ्या शनिवारी दोन्ही बाजूंचे खांब ट्रनियनसकट गोणपाटात गुंडाळून, ॲक्टिव्हाच्या पायाशी ठेवून आम्ही नाना पेठेत पोचलो. उस्तादांनी आधी प्लास्टिक-रबराचे बुश काढले, मग ब्लो-लॅम्पने पितळ तापवलं. तापल्यावर पितळ पोलादापेक्षा जास्त पसरतं, दहावीचं फिजिक्स! मग तेल, हलका ठोका, पाव फेरा पुढे, पाव मागे. दोन चहा झाले. घाई शून्य. पहिला सुटला, मग दुसरा.

पण उजव्या खांबाच्या आट्यांत गंजाचा खोल खड्डा निघाला. मित्राचा चेहरा पडला. ‘चालेल ना, चाचा?’ उस्तादांनी मान हलवली. ‘ढकलायला चालेल. पळवायला नाही.’ जोडून दिल्याचे पूर्ण पैसे त्यांना घेता आले असते. त्यांनी खडूने खांबावर फुली मारली आणि इंग्लंडहून नवा मागवायला सांगितलं.

गाडी ढकलत ट्रकवर चढली, आता बाणेरच्या पार्किंगमध्ये नव्या खांबाची वाट बघतेय. आणि मला सारखं वाटतं, असं स्पष्ट ‘नाही’ सांगणारे हात आपल्या शहरात आणखी किती वर्षं मिळतील?

जाणार असाल तर: जुना पार्ट सोबत न्या, नुसत्या वर्णनावर मिळत नाही. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. आणि कार नेऊ नका, पार्किंग शोधण्यात शनिवार जाईल!