निळी अक्षरं आणि पान नंबर १४

मांजरीकरांनो, जरा लांब पोस्ट आहे. ज्यांच्या फोनमध्ये गल्लीच्या नाहीतर सोसायटीच्या कागदांचे फोटो पडून आहेत, त्यांनी तरी वाचा.

३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत २३ गावं घेतली, त्यात आपली मांजरी बुद्रुक. त्यामुळे आमच्या गल्लीच्या ड्रेनेजचे जुने कागद ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचे आणि नवे महापालिकेच्या. घरपट्टीच्या पावत्या, अर्ज, पोच, माहिती अधिकारातली उत्तरं, खड्ड्यांचे फोटो, सगळं मिळून ४१ फाइली. त्या मी सांभाळतो. म्हणजे सांभाळायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

मी लॅपटॉपवर एक मुख्य टिपण केलं. कुठल्या तारखेला काय झालं ते ओळीने, आणि प्रत्येक ओळीत निळी लिंक. दाबली की त्याच फोल्डरमधला तो कागद उघडायचा. लई भारी वाटलं. अख्खं फोल्डर केबलने फोनमध्ये टाकलं आणि एका कार्यालयात अपिलाच्या सुनावणीला गेलो.

साहेबांनी विचारलं, "या अर्जाची पोच आहे का?" आहे म्हणालो आणि लिंक दाबली. काही नाही. परत दाबली. "फाइल उघडता येत नाही." मग गॅलरीत शोधायला लागलो. भाचीचं बारसं, गुड मॉर्निंगचे गुलाब, गाडीचा इन्शुरन्स... पोच सापडेपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. साहेब काही बोलले नाहीत, पण पुढची तारीख देताना म्हणाले, "कागद नीट लावून आणा." चूक माझीच होती. घरी एकदा दाबून बघायला काय झालं होतं?

नंतर बसून समजून घेतलं. लिंकमध्ये कागद नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. लॅपटॉपवर तो पत्ता म्हणजे अमुक फोल्डर, अमुक फाइल. फोनवर तसं चालत नाही. अँड्रॉइडवर २०१९-२० नंतर प्रत्येक ॲपला त्याच्यापुरती खोली दिलीय. बाहेरची फाइल हवी तर तुम्ही स्वतः बोटाने निवडून द्यायची, तेवढीच त्याला दिसते. आयफोनमध्ये हे आधीपासूनच तसं. म्हणजे लिहायच्या ॲपला एक टिपण उघडायला दिलं, तरी शेजारचे ४१ कागद त्याला दिसतच नाहीत. राग आला, पण विचार केला तर बरोबर आहे. पूर्वी एखादं टॉर्चचं ॲपसुद्धा स्टोरेजची परवानगी घेऊन आपले सगळे फोटो चाळू शकायचं.

आणि समजा चाललं असतं, तरी उपयोग काय? ते टिपण व्हॉट्सॲपवर तुम्हाला पाठवलं की टिपण येतं, कागद माझ्याच फोनमध्ये राहतात.

कोणी म्हणालं, ड्राइव्हवर टाक. टाकलं. निम्म्या लोकांना "परवानगी मागा" असं यायला लागलं. सगळ्यांना खुलं केलं तर गल्लीतल्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, थकबाकी गावभर. ते मी करणार नाही.

मार्ग निघाला तो शेजारच्या काकांकडून. सरकारी नोकरीत कारकून होते, आता निवृत्त. चहा घेत म्हणाले, "अरे, फाइलमध्ये टिपणी वेगळी, पत्रव्यवहार वेगळा. पत्रव्यवहाराच्या प्रत्येक पानावर नंबर टाकायचा आणि टिपणीच्या समासात तो नंबर लिहायचा. फाइल दहा टेबलं फिरली तरी पान १४ म्हणजे पान १४च." झाली की लिंक! शाईने लिहिलेली, नेट लागत नाही.

मग तसंच केलं. सगळे कागद तारखेप्रमाणे लावून एकच पीडीएफ केली, ६३ पानं. प्रत्येक पानावर नंबर. टिपण त्याच पीडीएफच्या सुरुवातीला जोडलं, ओळीपुढे "पान १४", "पान २२". एकाच फाइलच्या आतल्या आत उडी मारणाऱ्या लिंका माझ्या फोनवर चालतात, त्याही ठेवल्यात. नाही चालल्या तरी नंबर आहेच. आणि एक प्रिंट काढलीय, ती काकांच्या आग्रहाने.

पुढची तारीख जवळ आलीय. अजून दोन ठिकाणी भोकं आहेत. २०२१ च्या आधीची घरपट्टीची पावती ज्यांच्याकडे असेल त्यांनी फोटो मलाच पाठवा, ग्रुपवर नको. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं पुसट येतात. आणि फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, शेवटी घर नंबर, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. नाव बदलता येत नसेल तर रविवारी सकाळी दहाला पावती घेऊन घरी या. काका आणि मी आहोत, चहा आहे.