रजेवरच्या किटल्या

मराठवाड्यातला वसंत अंगाला गार लागत नाही. फाल्गुनात पूर्णेहून हिंगोलीच्या गाडीत बसलं, की बांधाबांधावर पळस पेटलेला दिसतो. फांदीवर पान एक नाही आणि फुलांना जागा पुरत नाही. पाडव्याच्या आसपास कडुलिंब मोहरतो आणि त्याचा कडसर गोड वास भर दुपारच्या झळीबरोबर घरात शिरतो. पुढे पारा चाळिशीला टेकला, की फुलं उघड्यावरून उठतात आणि आडोशाला येतात. मोगरा माठाजवळ ओल्या फडक्यात जाऊन बसतो. बायका दारं लोटून घेतात, आणि आमच्याकडचा खरा वसंतोत्सव त्या लोटलेल्या दारांआड सुरू होतो. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते. तिथून अक्षय्य तृतीयेपर्यंत, ज्या घरी ज्या दिवशी जमेल त्या दिवशी, हळदीकुंकू आणि आरास.

पूर्णा हे जंक्शन. हैदराबाद आणि मनमाड यांना जोडणारी गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज १९००च्या सुमारास इथून गेली. पुढे १९१२ साली हिंगोलीचा फाटा फुटला, तो नंतर अकोला-खांडव्यापर्यंत लांबला. नदीनं गावाला नाव दिलं. पोट मात्र रुळांनी भरलं. वाफेच्या इंजिनांची शेड होती, कोळसा होता, रेल्वेची क्वार्टरं होती आणि एकाच नळावर मराठी, तेलुगू, दखनी अशा तिन्ही बोलींतून चालणारी भांडणं होती. अशा गावातली आरासही जंक्शनसारखीच असते. चार दिशांचं सामान तिथं येऊन थांबतं.

रेल्वे कॉलनीतल्या एका काकूंचा निरोप आला, ‘‘यंदा किटल्या मांडल्यात, बघायला या.’’ आरासीत बाहुल्या, लाकडी फळं, शंख-शिंपले, कलिंगडाची कमळं पाहिलेली होती. किटल्या कधी पाहिल्या नव्हत्या.

उंबऱ्याशी चैत्रांगण रेखलेलं होतं. सूर्य-चंद्र, शंख-चक्र, कासव, तुळशीवृंदावन, गोपद्मं. आत लोखंडी ट्रंका एकीवर एक रचून पायऱ्या केल्या होत्या आणि त्यांवर पांढरी चादर ताणून बसवली होती. सगळ्यांत वर पितळी पाळण्यात गौर. तिच्या खाली चिनी मातीची दुधट किटली, पोटावर फिकट गुलाब, झाकणाची मूठ उडालेली. मुठीच्या जागी मोगऱ्याचा एक टपोरा कळा ठेवला होता आणि तो तिथंच घडवल्यासारखा शोभत होता. त्याखाली निळ्या एनॅमलची, जागोजागी टवके गेलेली. तिच्यात गुलाबी कण्हेर. शेजारच्या भाभींनी आपली नक्षीची तांब्याची किटली आरासीला दिली होती. तिच्या लांब, बाकदार तोटीत पांढऱ्या चाफ्याचं एकच फूल खोवलेलं. आणि सगळ्यांत खाली, जवळजवळ दीड हात उंच, फलाटावरची जर्मनची किटली. कडीला गुंडाळलेली तार, तारेवर चिंधी, पोटाला पोचे, बूड काळंकुट्ट. तिच्या तोंडातून बहाव्याचे पिवळे घोस खाली ओघळले होते.

बाकीच्या लखलखीत, ही एवढी काळी. एकीनं विचारलंच, ‘‘हिला चिंच नाही लावली?’’

‘‘घासली असती तर ओळखली नसती कुणी,’’ काकू म्हणाल्या.

हाताला हळद-कुंकू, मनगटाला अत्तर लागलं. ओटीत भिजवलेले हरभरे पडले. वाटीत आंबेडाळ आली, पेल्यात वेलचीचं पन्हं. मग कोपऱ्यातल्या एका आजी ठसक्यात म्हणाल्या, ‘‘गं बाई, एवढ्या किटल्या आणि घोटभर चहा नाही!’’ सगळ्या हसल्या. काकू गजरे वाटता वाटता म्हणाल्या, ‘‘माहेरी आल्यात त्या. महिनाभर काम सांगायचं नाही.’’

हे बोलणं मला फार नेमकं वाटलं. गौर चैत्रात माहेरी येते ती कुणाला वर द्यायला नाही, की राक्षस मारायला नाही. ती येते झोक्यावर बसायला. बाकी देवांना आपण काही ना काही कामाला लावतो. या देवीकडून एवढीच अपेक्षा, की तिनं महिनाभर लाड करून घ्यावेत. तिच्या शेजारी किटल्या बसवणं म्हणजे त्यांनाही तोच हक्क देणं.

आणि किटलीइतकी राबलेली वस्तू जंक्शनात दुसरी कोणती सापडेल? चहा ही आपल्याकडची जुनी सवय नव्हे. १९०३ साली निर्यात होणाऱ्या चहावर कर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे देशभरातल्या स्टेशनांवर चहा करायची कृती सांगणाऱ्या पाट्या लागल्या. जिथं गाडी पाणी भरायला थांबते तिथं माणूसही काहीतरी प्यायला थांबणार, हा त्यामागचा सरळ हिशेब. रुळांबरोबर चहा गावोगाव उतरला आणि फलाटावरून क्वार्टरात आला. मध्यरात्री कॉलबॉय दार वाजवायचा, ‘‘साहेब, गाडी लागली,’’ आणि घरातला फायरमन डोळे चोळत उठेपर्यंत स्टोव्ह पेटलेला असायचा. ड्यूटीचा कागद पुरुषाच्या नावे निघायचा. जाग मात्र दोघांना यायची.

घरातल्या किटल्या रजेवर असतानाही बाहेरच्या किटल्यांना उसंत नव्हती. याच दिवसांत १४ एप्रिलची आंबेडकर जयंती येते. निळ्या पताकांनी गाव झाकलं जातं, मिरवणुका निघतात, आणि नाक्यानाक्यावरच्या टपऱ्यांत किटली रात्रभर खाली उतरत नाही. हाही पूर्णेचा वसंतच. एक रस्त्यावरचा, घामेजलेला, ढोल-ताशांचा. एक घरातला, वाळ्याच्या पाण्याचा. दोन्हीकडे माणसं सजवलेलंच काही पाहायला निघालेली असतात.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशीच रोजच्या वापरातली भांडी, दिवे, अडकित्ते मांडलेले आहेत. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून ते जमवले म्हणून आपल्याला पाहायला मिळतात. एरवी मोडीत गेले असते. तरी काचेआडच्या भांड्यासमोर उभं राहिलं, की वाटतं हे आता कुणाच्या चुलीवर जाणार नाही. ते रिटायर झालं. आरासीतली किटली रजेवर असते. रजेवरचा माणूस आणि रिटायर झालेला माणूस, दोघंही रिकामेच बसलेले दिसतात. पण रेल्वेच्या गावाला त्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. अक्षय्य तृतीयेला गौर सासरी निघेल, त्या काळ्या बुडाखाली पुन्हा जाळ लागेल, आणि बहाव्याचे घोस धरणारं तोंड पुन्हा वाफ सोडू लागेल. म्हणूनच तिचे पोचे त्या दिवशी इतके देखणे दिसत होते. ते अजून चालू असलेल्या नोकरीतले होते.

मोगऱ्याचा कळा, चाफा, बहावा ही सगळी निमित्तं. फुलं नसती तरी त्या पायऱ्यांवर ती किटली पाहण्यासारखीच होती. फक्त कुणीतरी ‘बघा’ म्हणायला हवं होतं. रोज हातात धरलेल्या वस्तूकडे हात मागे घेऊन पाहायला आरास शिकवते. कामाच्या वस्तूला वरून सौंदर्य चढवावं लागत नाही. तिला जरा बसू द्यावं लागतं.

एक गोष्ट मात्र निघताना खटकली. दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत बायका येत होत्या, जात होत्या. गौर झोक्यावर, किटल्या पायऱ्यांवर, पाहुण्या सतरंजीवर. काकू तेवढ्या उभ्या होत्या. डाळ वाटत, पन्हं ओतत, ओट्या भरत, दारापर्यंत पोचवत. ‘‘अहो, बसा की घटकाभर,’’ असं सगळ्याच म्हणत होत्या, आणि प्रत्येक जण तोवर आपला पेला पुढे करत होती. मीही केला. किटल्यांची रजा ज्यांनी मंजूर केली, त्यांचा स्वतःचा अर्ज कुणी लिहिलाच नव्हता. पुढच्या चैत्रात पन्हं आम्ही करून नेणार आहोत आणि काकूंना सतरंजीवर बसवून त्यांच्याच हातात पहिला पेला देणार आहोत. ऐकतील की नाही, हा प्रश्न आहेच. पण घरातला सण खरोखर घरातल्या सगळ्यांचा व्हायचा, तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.