तांब्याचें एक वर्ष : गोरेगांवची फेरी

नाण्यांचा नाद हा घरांतील मंडळींच्या दृष्टीनें फारसा प्रतिष्ठित नव्हे. सोन्याचे होन किंवा रुप्याचे रुपये जमविले तर निदान अडीअडचणीस उपयोगी पडतील, अशी समजूत तरी घालतां येते. आमचें लक्ष गेलें तांब्यावर. गेल्या पाडव्यास आम्हीं निश्चय केला, कीं वर्षभर फक्त जुने तांब्याचे पैसे व बिल्ले मिळवावयाचे, आणि तेहि दुकानांतून नव्हे, तर गांवोगांव हिंडून. तीर्थरूप हें ऐकून एवढेंच म्हणाले, "म्हणजे चालणारे पैसे देऊन न चालणारे घ्यावयाचे!" त्यांचें हें म्हणणें खोडून काढण्यास आम्हांस वर्ष लागलें, आणि तें पुरतें साधलें असेंहि म्हणवत नाहीं.

या फिरतींत जें गांव मनांत घर करून राहिलें, तें हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांव तालुक्याचें गोरेगांव. पूर्णा-अकोला लोहमार्गावरील हिंगोलीस उतरून आम्ही एस्टीनें निघालों. मार्गशीर्षाचे दिवस होते. सोयाबीन निघून गेलेलें, काळ्या रानांत तूर उभी, मधून मधून हळदीचे हिरवे पट्टे. नरसी हें नामदेवमहाराजांचें गांव व औंढ्याचें नागनाथाचें ज्योतिर्लिंग याच जिल्ह्यांतील. परंतु त्या खेपेस देवदर्शन मागें पडलें, ही कबुली आरंभींच दिलेली बरी.

गोरेगांव निवडण्याचें कारण नकाशांत होतें. या तालुक्याच्या उत्तरेस वऱ्हाड लागतें. १८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे गेला; इकडे मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल राहिला. साहजिकच एका अंगास 'कलदार' आणि दुसऱ्या अंगास 'हाली', अशीं दोन चलनें शेजारीं शेजारीं नांदत होतीं. १०० कलदार रुपयांस सुमारें ११६ हाली रुपये पडत. हाली नाणें विलीनीकरणानंतरहि कांहीं वर्षें टिकलें. मग १ एप्रिल १९५७ पासून नव्या पैशांनीं आणे-पैचा हिशेबच मोडला. सीमेवरच्या गांवांत जुन्या डब्यांच्या तळाशीं दोन्ही राज्यें एकत्र सांपडावींत, असा आमचा तर्क होता.

तर्क खरा ठरला. मोडीचीं भांडीं घेणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनीं पत्र्याचा डबा आमच्यापुढें उपडा केला. त्यांत निजामाचे दोन पैचे पैसे होते, तुघ्र्याच्या वळणदार अक्षरांचे. १८३५ सालचा, ढालीस दोन सिंहांनीं धरलेला कंपनीचा पाव आणा होता. मुकुटधारी व्हिक्टोरिया राणीचे पैसे होते. आणि दुसऱ्या महायुद्धांत धातूची टंचाई पडल्यामुळें १९४३ पासून निघालेले भोकाचे पैसेहि होते. शिवाय झिजून गुळगुळीत झालेल्या चार शिवराया. त्यांपैकीं दोन 'दुदांडी', म्हणजे 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्यें दोन आडव्या रेघा असलेल्या. येथें वाचकांस सांगावयास हवें, कीं शिवराई दिसली म्हणजे ती महाराजांच्या हातचीच, असें मानूं नये. राज्याभिषेकाच्या वेळीं, १६७४ सालीं, सुरू झालेलीं तींच अक्षरें पुढें पेशवाईअखेरपर्यंत पाडलीं जात होतीं. आज आढळणाऱ्या बहुतेक शिवराया या उत्तरकाळच्या.

वृद्ध गृहस्थांनीं मोठ्या अगत्यानें आमच्याकरितां दोन नाणीं चिंचेनें घासून लखलखीत करून ठेविलीं होतीं. आम्हीं त्यांचे आभार मानले, पण जीव हळहळला. शतकांनीं चढविलेली काळसर तांबूस झांक हेंच जुन्या तांब्याचें चिलखत. तें उतरलें, कीं अक्षरांची धारहि जाते आणि नाण्याचें मोलहि.

त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही जवळच्या एका जुन्या वाड्यांत गेलों. घरीं एक आजीबाई व त्यांचा विशी-पंचविशींतला नातू. त्यानें रेशमी फडक्यांतून एक जाड तांब्याचें नाणें काढलें. एका बाजूस रामपंचायतन, दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचें नांव, 'एक आणा' आणि १८१८ हें साल. "काका, हें तांदूळ ओढतें म्हणे," तो हलक्या आवाजांत म्हणाला. "शहरांतला एक माणूस बारा लाखांस घेणार आहे. तपासणीकरितां दहा हजार भरलेसुद्धां."

आमच्या पोटांत गोळा उठला. राम, सीता किंवा हनुमान यांचीं चित्रें असलेलें असें नाणें कंपनीनें कधींहि चलनांत आणलें नाहीं. १९०७ च्या सुमारास सर्वत्र चालूं झालेला आणासुद्धां तांब्याचा नव्हता, निकेलमिश्रित पांढऱ्या धातूचा होता. देवस्थानांच्या आसपास विकल्या जाणाऱ्या रामटक्याच्या जातीचा हा बिल्ला, आणि सालहि मागाहून कोरलेलें. तांदूळ ओढण्याचा चमत्कार तर निव्वळ हातचलाखी : दाण्यांस लोखंडाचा कीस चोपडावा आणि चुंबक लपवावा. या नांवाखालीं महाराष्ट्रांत किती तरी फसवणुकी उघडकीस आल्या आहेत. आम्हीं हें सर्व त्यास सांगितलें. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग देवघरांत गेला, ताम्हनांतून एक शिवराई उचलून आणली व आमच्या हातावर ठेवून म्हणाला, "ही तरी खरी आहे ना? हिचे काय देतां?"

ती खरी होती. नुसती खरी नव्हे, तर वर्षभरांत पाहिलेल्या सर्व शिवरायांत सरस होती. 'श्री राजा शिव' या तिन्ही ओळी ठसठशीत, वजन तोळ्यापेक्षां किंचित् अधिक. साधी शिवराई कांहीं शें रुपयांस मिळते. हिला त्याच्या कितीतरी पट आले असते. आमचा हात खिशाकडे गेला होता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आम्हीं बाजारांत तिला काय येईल तें खरें खरें सांगितलें. तेव्हां आजीबाई प्रथमच बोलल्या, "सासूबाईंनीं माझ्या ओटींत घातली होती, भाऊ. नेलीत तर पाण्यांत ठेवाल ना रोज?"

काय उत्तर द्यावें? संग्राहकाच्या पेटींत नाण्यास पाणी म्हणजे विष. शास्त्र सांगतें, कीं ताम्हनांतलें रोजचें पाणी व दर सोमवारची आंबट घासणी यांनीं तीं अक्षरें एक दिवस जाणार. तें खरेंच आहे. पण त्या नाण्यास त्या घरांत जो अर्थ होता, तो आमच्या कागदी पाकिटांत शिरणारा नव्हता. आम्हीं शिवराई परत ताम्हनांत ठेविली. चिंच लावूं नका, आणि पाण्यांतून काढल्यावर कोरडी पुसत जा, एवढें विनवून सांगितलें. नातवास आग्रह केला, कीं पोलिसांत तक्रार द्यावी, आणि आणखी एक पैहि भरूं नये. तो दुसऱ्या दिवशीं आमच्याबरोबर चौकीवर आला. त्याचे दहा हजार परत मिळतील, अशी आशा आम्हीं त्यास दाखविली नाहीं.

घरीं परतल्यावर वर्षाचा जमाखर्च मांडला. पाकिटें भरलीं ६३, आणि प्रत्येकावर गांवाचें नांव. कारण कोठें मिळालें हें न सांगणारें नाणें मुकें असतें. एक नियम मात्र आम्हीं कडक पाळला : जमिनींत सांपडलेलें कांहींहि विकत घ्यावयाचें नाहीं. १८७८ च्या कायद्यान्वयें असें निधान कलेक्टरास कळविणें भाग आहे; आणि शंभर वर्षांवरील नाणें १९७२ च्या कायद्यामुळें देशाबाहेर नेतां येत नाहीं.

गोरेगांवच्या एका पाकिटांत नाणें नाहीं. त्या शिवराईवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें घासलेला ठसा तेवढा आहे, आणि खालीं वजन. तीर्थरूपांनीं परवां पेटी पाहिली. सगळीं पाकिटें चाळून झाल्यावर ते त्याच पाकिटाशीं थांबले, आणि म्हणाले, "हें एक मात्र फुकट मिळालेलें दिसतें." आम्हीं त्यांस आजीबाईंची हकीकत सांगितली. त्यांनीं ठसा पुन्हां पाकिटांत घातला आणि पेटी स्वतःच्या हातानें बंद केली.