दीवची खुकरी

आमची सहल सोमनाथ पाहून दीवला गेली. किल्ला पाहिला, पुष्कळ मजा केली. पण माझ्या मनात राहिली ती खुकरी. म्हणून तिच्याविषयीच लिहितो.

मित्रांनो, खुकरी म्हणजे गुरख्यांची वाकडी सुरी. हेच नाव आपल्या एका युद्धनौकेला दिले होते. १९७१ साली पाकिस्तानशी युद्ध चालू होते. शत्रूची पाणबुडी शोधायला खुकरी आणि कृपाण या दोन नौका निघाल्या. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात 'हंगोर' या पाणबुडीने खुकरीवर टॉर्पेडो सोडला. टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून धावत येणारा बॉम्ब. थोड्याच मिनिटांत खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, मिळून १९४ जण गेले. बापरे! आमच्या शाळेचा सारा पट मोजला तरी एवढा भरत नाही. ६७ जण वाचले.

नौकेचे कप्तान होते महेंद्रनाथ मुल्ला. त्यांनी आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिले आणि स्वतः नौकेवरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

दीवला समुद्रकाठी टेकाडावर त्यांचे स्मारक आहे. काचेच्या पेटीत खुकरीची छोटी प्रतिकृती ठेवली आहे. समोर नुसते पाणीच पाणी. तोवर आम्ही पोरं ओरडत होतो, तिथे कुणीच बोलेना.

पुढे मुंबईच्या माझगाव गोदीत दुसरी नौका बांधली. तिलाही खुकरी हेच नाव दिले. ती १९८९ ते २०२१ अशी ३२ वर्षे आरमारात होती. २०२२ साली ती दीवला दिली. ती आम्ही आत जाऊन पाहिली. शिड्या अगदी उभ्या, वाटा अरुंद. झोपायच्या फळ्या एकावर एक! एकाने विचारले, "गुरुजी, इथं कूस कशी बदलायची?" सगळे हसले.

बाहेर आल्यावर आमचा वाद झाला. एक जण म्हणाला, "कप्तानानं पण उडी मारायला पायजे होती. जीव वाचला असता." गुरुजी काही बोलायच्या आत माझा मित्र म्हणाला, "माझे बाबा बोटीवर खलाशी आहेत. ते सांगतात, बोटीत पाणी शिरलं तर तांडेल आधी दुसऱ्यांना उतरवतो, मग स्वतः उतरतो." मग कुणी वाद घातला नाही. तो मित्र मात्र बराच वेळ समुद्राकडे बघत होता. त्याचे बाबा तेव्हा तिकडेच कुठेतरी मासेमारीला गेले होते.

आपल्या गावचे पुष्कळ जण सौराष्ट्रात बोटींवर कामाला जातात. पालकहो, दीवजवळून तुमची बोट गेली तर हात जोडा. त्या पाण्याखाली खुकरी आहे. आणि तुम्हीही सांभाळून घरी या.

– इयत्ता सातवी